फाटक उघडल्यावरचा रस्ता

फाटक पडलं की आमच्या स्वयंपाकघरात डिझेलचा धूर यायचा. आई तव्यावरची भाकरी उलटता उलटता पदर नाकाला लावायची आणि म्हणायची, "आली वरात दारात." वरात म्हणजे थांबलेल्या गाड्यांची रांग. बारामतीच्या स्टेशनात रेल्वे संपायची, पुढं रूळच नव्हते. त्यामुळं आलेल्या गाडीचं इंजिन सोडवायचं, फिरवून दुसऱ्या तोंडाला जोडायचं, मालगाडीचे डबे इकडून तिकडं ढकलायचे, हा सगळा खटाटोप आमच्या फाटकावरून मागं-पुढं चालायचा. इंजिन एकदा निघून गेलं की लोक घाईघाईनं गाड्या सुरू करायचे, आणि ते फुसफुसत परत मागं येताना दिसलं की कपाळाला हात लावून पुन्हा बंद करायचे. आधी घंटा, मग साखळ्यांचा खळखळाट, मग दांडा खाली टेकल्याचा आवाज. त्यानंतर एकेक गाडी बंद होत जायची आणि रस्त्यावर अशी शांतता पसरायची की ट्रकमधल्या शेळीचं चघळणंसुद्धा ऐकू यावं. आमचं घर फाटकापासून हाकेच्या अंतरावर, अगदी रस्त्याला लागून. वस्तीतली बाकीची घरं रस्त्याच्या दोन्ही अंगांना दाटीवाटीनं उभी होती. आमच्या बाजूनं पुढं ओढा होता, म्हणून गावात, बाजारात, शाळेत, कुठंही जायचं तर आधी रस्ता ओलांडून पलीकडच्या बोळात शिरावं लागायचं.

आबांना मात्र फाटकाचा कधी कंटाळा आला नाही. आबा म्हणजे माझे आजोबा, दादांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. मूळचे कळंबचे. गावातल्या आपल्या माणसांबरोबर त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि पुढं बिऱ्हाड घेऊन ते बारामतीला आले. दारातल्या लिंबाखाली त्यांनी रांजण मांडला होता. फाटक पडलं की ते रांजणाशेजारी बाजेवर येऊन बसायचे. गावाकडं असताना त्यांच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं. इथं उन्हात तापलेली माणसं गाडीतून उतरून आपणहून विचारायची, "बाबा, घोटभर पाणी मिळंल का?" आबा उठून, ओल्या फडक्यानं तांब्या पुसून, पाणी द्यायचे. एखाद्याची नजर पिऊन झाल्यावर उघड्या दारातून भिंतीवरच्या तसबिरीकडं जायची. बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी. तो क्षणभर थबकायचा. आबा हसून विचारायचे, "आणखी देऊ का?" बहुतेक जण "द्या" म्हणायचे. "लई गुणाचं हाय हे फाटक," आबा आम्हाला सांगायचे, "मानसाला थांबवतं. थांबल्याबिगर तहान कळत न्हाय." आई आतून म्हणायची, "तुमाला काय, धूर मी खाते."

समोरच्या अंगाला हमीदाचाचीचं घर होतं. ती आणि रहीमचाचा फळांचा धंदा करायचे. चाचा टेम्पोतून पेरू, सीताफळं, मोसंबी आणायचे आणि चाची पाटी डोक्यावर घेऊन रांगेतून फिरायची. घंटा वाजली की ती हातातलं काम टाकून उठायची. विकून झाल्यावर उरलेले नरम पेरू ती आमच्याकडं द्यायची, आई त्यांची तिखट-गूळ घालून चटणी करायची. ज्वारीची भाकरी, ती चटणी, वर कच्चं तेल. मी पुढं कितीतरी चांगल्या घरांतून जेवले, पण पेरूची चटणी म्हटलं की लोक माझ्याकडं बघत राहतात. गेल्या महिन्यात नातवाला करून घातली. त्यानं एक घास खाल्ला आणि अतिशय सभ्यपणे पाणी प्यायला.

थांबणं असं गोड होतं, पण फाटक उघडलं की सगळं बदलायचं. दांडा अर्धा वर गेला न गेला की मोटारसायकली वाकून खालून निसटायच्या, त्यांच्या मागं जीपगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर. थांबलेला सगळा वेळ आमच्या दारासमोरच भरून काढायचा असं ठरवल्यासारखे सगळे सुटायचे. रस्ता सरळ, त्यात उतार. हॉर्नचा कल्लोळ व्हायचा. आमच्या दोन कोंबड्या गेल्या, चाचीची शेळी गेली, शाळेतून येणाऱ्या एका पोरीचं दप्तर चाकाखाली गेलं आणि पोर वाचली. बायका दारात उभ्या राहून आपापल्या पोरांना हाका मारायच्या. फाटक उघडल्याचा आवाज आला की वस्तीतल्या प्रत्येक घरातून एकेक नाव ऐकू यायचं.

दादा एसटीत ड्रायव्हर होते. इंदापूरकडच्या गाड्या त्यांच्याकडं असायच्या. त्यांना उगाच हॉर्न वाजवलेला आवडत नसे. स्टॉप नसलेल्या ठिकाणीही म्हातारं माणूस हात करताना दिसलं तर ते गाडी थांबवायचे, आणि म्हणून त्यांची गाडी नेहमी उशिरा यायची. संध्याकाळी ते अंगणात बसून पायावर पाणी घ्यायचे आणि रांगेतल्या गाड्या बघायचे. एकदा मी विचारलं, "दादा, एवढे का पळतात ओ सगळे?" तर म्हणाले, "थांबलेल्या मानसाला वाटतं, आपलं कायतरी चोरीला गेलं. मग फाटक उघडलं की ते हुडकायला पळतो."

त्या दिवशी उन्हं कलली होती. मालगाडीचे डबे जोडायचं काम लांबत चाललं होतं आणि फाटक केव्हाचं बंद होतं. दादा ड्यूटी संपवून बोळातून आले, समोर चाचीच्या दारात तिच्याशी दोन शब्द बोलले. मी अंगणात वाळलेले कपडे काढत होते. फाटक उठायला लागलं. उठायला लागल्यावर गाड्या आमच्यापर्यंत यायला थोडा अवधी असतो, हे आम्हा सगळ्यांना अंगवळणी पडलं होतं. दादांनी नेहमीसारखं दोन्हीकडं बघितलं आणि रस्त्यात पाऊल टाकलं. एक मोटारसायकल मात्र दांडा पुरता उठायच्या आधीच खालून निघून भरधाव आली होती. आवाज फार मोठा झाला नाही. पत्र्याचा डबा पडावा तसा. दादा एका बाजूला, गाडी दुसऱ्या बाजूला, आणि मधे धुळीत एक बाई बसलेली, छातीशी गाठोडं धरून.

क्षणात माणसं जमली. चालवणाऱ्या तरुणाची कॉलर दोघातिघांनी धरली. कुणीतरी त्याच्या कानाखाली वाजवलीही. तो हात जोडत नव्हता, चुकवत नव्हता, फक्त त्या बाईकडं बोट करून म्हणत होता, "माझं लेकरू... माझं लेकरू बघा..." गाठोड्यात तान्हं बाळ होतं. तापानं फणफणलेलं, डोळे फिरवलेले, हातपाय ताठ होऊन झटके देत होतं. ते दोघं वरकुट्याहून निघाले होते, बारामतीच्या डॉक्टरकडं. फाटकापलीकडं उभे असतानाच बाळाला झटके सुरू झाले होते.

दादांचा पाय मांडीपासून भलतीकडंच वळला होता. चेहरा पांढरा पडला होता. तरी ते कोपरावर उठले आणि ओरडले, "सोडा रं त्याला! लेकरू बघा आधी!"

आई पिठाच्या हातानं धावत आली. तिनं दादांच्या पायाकडं बघितलं, मग बाळाकडं. त्या वेळी तिच्या मनात काय झालं असेल याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. तिनं एवढंच केलं, बाळ त्या बाईच्या हातातून घेतलं आणि चाचांना हाक मारली, "रहीमभाई, टेम्पो काढा!" चाचांनी पेरूची खोकी रस्त्यावरच उतरवली. गोणपाटावर दादांना निजवलं. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. शेजारी आई बाळाला घेऊन बसली, पलीकडं ती बाई, कोपर फुटलेली, रडायचंही विसरलेली. तिचा नवरा मागच्या फळीला धरून लोंबकळत आला. टेम्पोच्या प्रत्येक धक्क्याला दादा दात आवळायचे आणि आई एक हात त्यांच्या छातीवर ठेवून, दुसऱ्या हातानं बाळाचे गाल चोळत म्हणत राहायची, "बघ माझ्याकडं. ए सोन्या, बघ हिकडं." कुणाला म्हणत होती कोण जाणे. दोघांनाही असेल.

बाळ वाचलं. दुसऱ्या दिवशी त्याचा ताप उतरला आणि ते आपल्या आईच्या अंगावर पिऊ लागलं. दादांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. दवाखान्याच्या पडवीत तो तरुण माझ्या आईच्या पायावर पडला. त्याचं नाव सोपान, बायकोचं कमल. आई दोन पावलं मागं सरकली. "उठा," ती म्हणाली, "पाया पडून हाड जुळत न्हाय."

तक्रार द्यायची का, असं विचारायला पोलीस आले तेव्हा दादांनी नाही म्हणून मान हलवली. ते गेल्यावर आईला म्हणाले, "त्याच्या जागी मी असतो तर मीबी पळालो असतो."

"तुमी नसता पळाला," आई म्हणाली.



पुढचे कितीतरी दिवस कमरेपासून प्लास्टर घातलेले दादा बाहेरच्या खोलीत, खिडकीशेजारच्या कॉटवर पडून होते. घराचा सगळा ओघच त्या कॉटभोवती वळला. आबा त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. अक्षर लावून लावून वाचायचे, त्यामुळं एक बातमी संपेपर्यंत फाटक दोनदा पडायचं. हमीदाचाची आठवड्यातून एकदा डबा पाठवायची. बोकडाच्या पायांचा रस्सा, मिरे आणि आलं घालून मंद आचेवर रटरटलेला. "हाडाला हाड लागतं," ती म्हणायची. त्याचा वास घरात शिरला की दादा दिवसभरात पहिल्यांदा हसायचे. प्लास्टरच्या आत खाज सुटली की मी लोकर विणायच्या सुईनं हळूच खाजवायची. त्या बदल्यात ते मला गाडी कशी चालवायची ते सांगायचे, कॉटवर पडल्या पडल्या हातानं गियर टाकून.

सोपान बाजाराच्या दिवशी यायचा. वरकुट्याहून वांगी, पावटा, कधी कोवळी कणसं घेऊन दाराशी उभा राहायचा. आबा त्याला पाणी द्यायचे, दादा आतून विचारायचे, "पोरगं कसं हाय?" आई मात्र त्याच्याशी बोलत नसे. पिशवी उंबऱ्यावर ठेवून तो गेला की ती पिशवी तशीच कोपऱ्यात पडायची. एकदा वांगी सुकायला लागली तेव्हा नाइलाजानं तिनं भरली वांगी केली. ती इतकी चांगली झाली की सगळ्यांनी मागून घेतली, आणि आई दिवसभर धुसफुसत राहिली.

प्लास्टर निघालं. पाय किंचित आखूड झाला होता, पण डॉक्टर म्हणाले, चाला, जितकं चालाल तितकं बरं. दादा काठी घेऊन घरात, मग अंगणात चालू लागले. डेपोतून निरोप आला की तूर्त स्टेअरिंगवर बसता येणार नाही, पण स्टँडवर गाड्या पुकारायचं काम आहे, या. आईनं खाकी कपडे धुऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. सकाळी दादा कपडे घालून बाहेर आले, लिंबाखाली बसले, बराच वेळ बसले, आणि परत आत गेले. "आज जरा कळ हाय," म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी म्हणाले, आभाळ आलंय. आईला वाटलं, स्टेअरिंग सुटलं म्हणून रुसले असतील.

"पुकारायचं काम कमीपनाचं हाय का?" ती एकदा फणकारली. "मानसांना गाडी सांगायची. चांगलं काम हाय."

"व्हय, चांगलं हाय," दादा म्हणाले. "जाईन की."

पण ते जात नव्हते. डेपोतून पुन्हा निरोप आला, या खेपेला जरा कडक. नाही आले तर जागा दुसऱ्याला जाईल. आई भाकरी थापताना ती नको तितक्या जोरानं थापायची.

एक दिवस मी खिडकीशी वेणी घालत होते. फाटक बंद होतं. दादा कॉटच्या कडेला बसले होते, माझ्याशी माझ्या परीक्षेबद्दल बोलत होते. तेवढ्यात साखळ्या खळखळल्या, फाटक उठलं आणि इंजिनं एकदम सुरू झाली. दादा बोलता बोलता थांबले. त्यांचा हात कॉटच्या लोखंडी दांड्यावर गेला आणि त्यांनी तो असा आवळला की बोटांची पेरं पांढरी झाली. पहिली गाडी दारासमोरून सूं करून गेली तेव्हा त्यांचे डोळे मिटले होते. खिडकीला पाठ करून ते श्वास धरून बसले होते. चहा घेऊन आलेली आई दारातच उभी होती. तिनं सगळं बघितलं. ज्या माणसानं आयुष्यभर माणसांनी भरलेली गाडी रस्त्यावरून नेली, त्याला आता दारातला रस्ता ओलांडता येत नव्हता, आणि ते कुणाला सांगताही येत नव्हतं.

आई कप खाली ठेवून त्यांच्याशेजारी बसली. शेवटचा ट्रॅक्टर जाईपर्यंत बसून राहिली. मग उठून म्हणाली, "चहा गार झाला. दुसरा आणते."

तिनं त्यानंतर दादांना कामावर जायचं एकदाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी डोक्यावरून पदर घेऊन, हमीदाचाचीला आणि आणखी चारपाच बायकांना बरोबर घेऊन ती बांधकाम खात्याच्या कचेरीत गेली. आमच्या वस्तीसमोर गाड्या हळू जातील असं काहीतरी करा, म्हणाली. तिथं सांगितलं, तो तुकडा रेल्वेच्या हद्दीत येतो. रेल्वेच्या माणसानं सांगितलं, आमची हद्द फाटकापाशी संपते. दोन-तीन हेलपाटे झाले. शेवटच्या खेपेला आई घरी आली, चपला काढल्या, रांजणातलं पाणी घटाघटा प्याली आणि आबांना म्हणाली, "रस्ता कुनाचाच न्हाय म्हनं. म्हंजी आपलाच झाला की."

त्या बाजाराला सोपान आला. पिशवी ठेवून वळणार एवढ्यात आई बाहेर आली. त्याच्याशी ती पहिल्यांदाच बोलत होती.

"वांगी बास झाली," ती म्हणाली. "मुरूम हाय का तुमच्याकडं?"

सोपान गोंधळला. "हाय की वैनी. माळावर लागंल तेवढा हाय. किती पायजे?"

"ट्रॉलीभर. आन् थोडे दगडगोटे."

"कशाला वो?"

"तुमच्यासारखी मानसं हळू यावीत म्हनून."

सोपाननं मान खाली घातली. पण ठरलेल्या दिवशी सकाळीच त्याचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत मुरूम, दगड, चार घमेली, दोन फावडी, आणि मुरमाच्या ढिगावर पोतं अंथरून बसलेली कमल, मांडीवर बाळ घेऊन. आईनं सगळ्यात आधी बाळ उचललं, उन्हाकडं धरून बघितलं आणि आबांच्या मांडीवर नेऊन ठेवलं. मग पदर कमरेला खोचला.

वाट बघायची होती ती फक्त घंटेची. घंटा वाजली तशी आई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि येणाऱ्या पहिल्या ट्रकला तिनं हात केला. "फाटक पडलंच हाय, हितंच थांबा." पुढं जाऊन उभं राहण्यात काही मिळणार नव्हतं, म्हणून ट्रकवाला थांबला, आणि त्याच्या मागं सगळी रांग. फाटकापर्यंतचा रस्ता मोकळा राहिला. बायका घमेली घेऊन उतरल्या. दगड अंथरले, वर मुरूम पडू लागला. मी फावड्यानं ओढत होते. शाळेतल्या माझ्या दोन मैत्रिणी दारात उभ्या राहून आधी हसल्या आणि मग चपला काढून आल्या.

"बाई, हे काय लावलंय?" ट्रकवाल्यानं विचारलं.

"रस्त्यात उंचवटा घालतोय. आमच्या दारात गाड्या जरा हळू व्हाव्यात."

मागं जीपमधला एक माणूस खाली उतरून चिडला. "आधीच ह्या फाटकानं जीव खाल्लाय. त्यात तुमी आणखी अडवताय!"

हमीदाचाचीनं घमेलं खाली ठेवलं. "भाऊ, फाटकापाशी गुमान उभं ऱ्हाताय की न्हाय? तितं इंजिन येतंय म्हनून. इंजिन मोठं, आन् आमची पोरं बारीक, म्हनून त्येंच्यासाठी कुनी थांबायचं न्हाय व्हय?"

थोड्या वेळानं बघितलं तर तो माणूस रांजणाशी उभा राहून पाणी पीत होता.

ट्रकवाला मात्र खाली उतरला, त्याचा क्लीनर उतरला, आणखी काही जण आले. थांबून थांबून कंटाळलेली माणसं, त्यांना हाताला काम मिळालं. उंचवटा भराभर वाढू लागला. वाढता वाढता तो भिंतीसारखा उभाच होत चालला, आणि कुणाच्याच ते लक्षात येत नव्हतं. तेवढ्यात घरातून आवाज आला, मोठा, डेपोच्या आवारात घुमावा तसा.

"अगं, काय धरण बांधताय का? एवढा उभा करू नका! येष्टीचं बूड घासंल!"

दादा उंबऱ्यात उभे होते. काठी टेकून ते पायरी उतरले, अंगणाच्या कडेपर्यंत आले आणि तिथंच थांबले. "दोन्ही अंगांनी उतार द्या. लांबवर द्या. अजून. शैला, फावडं आडवं धर. हां, तसं." बायका हसायला लागल्या. आई हसली नाही. ती पाठ फिरवून मुरूम पसरत राहिली, पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर सगळी धूळ होती, त्यामुळं त्याचे ओघळ दिसत होते. आबांनी रांजण रिकामा करून मुरमावर पाणी मारायला लावलं. शेवटी ट्रकवाला म्हणाला, "सरका, मी दाबून देतो," आणि त्यानं आपला ज्वारीच्या पोत्यांनी भरलेला ट्रक हळूहळू पुढं-मागं करून तो उंचवटा बसवून दिला. त्यानंतर फाटक उघडलं.

पहिल्या गाड्या आल्या. पुढं दिसणारं ते नवं काहीतरी बघून त्यांचा आवाज खाली आला, चाकं सावकाश चढली, सावकाश उतरली. सगळी वस्ती दारात उभी राहून ते बघत होती, नाटक बघावं तसं. कुणाला हाक मारायची आठवणच झाली नाही.

आठवड्याभरात कचेरीतले साहेब जीप घेऊन आले. विनापरवाना आहे, काढावं लागेल, म्हणाले. आईनं वाद घातला नाही. खुर्ची दिली, चहा ठेवला आणि म्हणाली, "एवढं फाटक उघडूस्तोवर बसा." साहेब बसले. फाटक उघडलं, शाळा सुटायची वेळ होती. पोरं आपल्या नादात बडबडत रस्ता ओलांडत होती आणि गाड्या त्यांच्यासाठी थबकत होत्या. साहेबांनी चहा संपवला, कप खाली ठेवला. "चुना मारा त्याला," ते उठता उठता म्हणाले. "लांबून दिसला पाहिजे. बाकी मी बघतो." पुढं काही महिन्यांनी तिथं रीतसर डांबराचा गतिरोधक झाला. आता पुण्यात माझा मुलगा सोसायटीपाशी असल्या उंचवट्यावर गाडी आदळली की कुणाच्या तरी नावानं बोटं मोडतो. मी मागच्या सीटवर गप्प बसते. माझी आई त्याला नीटशी आठवतही नाही.

साहेब येऊन गेल्यावर दोन-तीन दिवसांनी सकाळी दादांनी खाकी कपडे घातले. आम्ही कुणी त्यांच्याकडं बघत नाही असं दाखवत होतो. ते लिंबाखाली बसले नाहीत. फाटक नुकतंच उघडलं होतं. रस्ता मोकळा होईपर्यंत थांबायचं तर थांबता आलं असतं, पण ते चालत राहिले, रस्त्याच्या कडेला आले. एक ट्रक उंचवट्यावर येऊन हळू झाला होता. ड्रायव्हरनं काठीकडं बघितलं, ट्रक उभा केला आणि खिडकीतून हातानं खूण केली, जा. दादांनी रस्त्यात पाऊल टाकलं. मग दुसरं. मधोमध आल्यावर ते क्षणभर थांबले. मला वाटलं, आता काही जमत नाही. मी पुढं धावणार तोच आईनं माझा दंड धरला. दादांनी त्या ड्रायव्हरला हात वर केला, एसटीचे ड्रायव्हर समोरच्या गाडीला करतात तसा, आणि पलीकडं पोचले. चाची दारात उभी होती. तिनं पदराचं टोक दातात धरलं होतं.

बोळाच्या तोंडाशी जाऊन दादा थांबले. खांद्यावरची पिशवी चाचपली. वळून ओरडले, "अगं, माझा डबा!"

डबा आईच्या हातात होता. मी तो घ्यायला हात पुढं केला. तिनं तो पाठीमागं धरला आणि मधून जाणाऱ्या गाड्यांवरून, साऱ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"या की मग घ्यायला!"

दादा तिच्याकडं बघत राहिले. मग हसले, काठी टेकली, आणि परत रस्त्यात उतरले.